टीव्हीपुढचा खेळ घेताना आधी खोली मोजा!

या आठवड्यात श्रीवर्धनहून आलेलं एक पत्र तुमच्यापुढे ठेवते. लिहिणारीचं नाव देत नाही, पण अडचण बऱ्याच घरांतली आहे. ती लिहिते :

“गणपतीला भाऊजी कुवेतहून येणार आहेत. मुलांसाठी टीव्हीला जोडायचा खेळ आणतो म्हणाले. तिथे तीन तऱ्हेचे जुने संच मिळतायत, कुठला आणू ते लवकर कळवा, असा निरोप आहे. एकात हातात पांढरी दांडी धरायची, दुसऱ्यात टोकाला गोल दिवा असलेली दांडी, आणि तिसऱ्यात हातात काहीच नाही, नुसतं समोर उभं राहायचं. मुलगा म्हणतो तिसराच हवा. ह्यांचं म्हणणं, स्वस्त असेल तो आण. सासूबाईंचा उजवा खांदा आखडलाय, त्या म्हणतात मला काय करायचंय? बाहेरची खोली दहा बाय अकरा. मला कुणी विचारलेलंच नाही. पण ताई, खरं सांगू? शाळेत मी खो-खोच्या संघात होते. लग्नाला चौदा वर्षं झाली. मंगळागौर सोडली तर अंग मोकळं करून कधी खेळले नाही. मलाही खेळायचंय. हसू नका.”

हसत नाही, बाई. उलट तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्यच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. खेळ घरात येतो तेव्हा तो मुलांचा म्हणून येतो. त्याची धूळ पुसायची आपण, वायरी गुंडाळून ठेवायच्या आपण, आणि “आता पुरे” म्हणून वाईटपणा घ्यायचा तोही आपणच! तेव्हा निवडताना आपला विचार व्हायलाच हवा. चला, तिन्ही पारखून बघू.

तीन दांड्या, तीन स्वभाव

पहिली पांढरी दांडी म्हणजे निन्टेन्डोच्या वीचा रिमोट. हा खेळ २००६ सालच्या नोव्हेंबरात आला आणि पुढे दहा कोटींहून अधिक घरांत गेला. आता तो तयार होत नाही, जुनाच मिळतो. दांडीच्या पोटात हालचाल ओळखणारा बारीकसा भाग असतो. मुरूडहून अलिबागला येताना एस.टी.ने करकचून ब्रेक मारला, की डोळे मिटलेले असले तरी आपल्याला गचका कळतो ना? तसाच तो गचका या दांडीला कळतो. आपण कुठे उभ्या आहोत हे तिला ठाऊक नसतं, हात किती जोरात आणि कुठल्या दिशेने झटकला एवढंच समजतं. म्हणून तर पोरं कोचावर लोळून नुसतं मनगट उडवतात आणि टेनिस जिंकतात! पुढे २००९ साली कंपनीने मोशनप्लस नावाची जोड आणली. तिने हाताचा पीळही ओळखू येऊ लागला. नंतरच्या दांड्यांत ती आतच बसवलेली आहे आणि तसं वर लिहिलेलंही असतं. निवडायला मिळालं तर तीच घ्यावी.

दुसरी दिव्याची दांडी म्हणजे सोनीची प्लेस्टेशन मूव्ह. ती २०१० च्या सप्टेंबरात आली. तिच्या टोकाचा गोळा रंगीत उजळतो आणि टीव्हीजवळ ठेवलेला कॅमेरा त्या गोळ्यावर नजर ठेवतो. रेवदंड्याच्या खाडीकडे रात्री परतणाऱ्या होडीचा दिवा जवळ येईल तसा मोठा दिसतो, अगदी तोच हिशोब! गोळा मोठा दिसला की हात पुढे आला, लहान दिसला की मागे गेला. दांडीच्या आत गचका आणि पीळ ओळखणारे भागही आहेतच. त्यामुळे तिघांत हाताचा नेमकेपणा हिचा. टेबल टेनिस खेळताना बॅट जराशी कलती केली, तरी तिला ते समजतं.

तिसरा प्रकार मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट. तो एक्सबॉक्स ३६० या यंत्राला जोडायला २०१० च्याच नोव्हेंबरात आला. हातात काहीच धरायचं नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे असंख्य ठिपके खोलीभर टाकतो आणि ते कुठे कसे पडले यावरून आपलं डोकं, हात, गुडघे ओळखतो. पुढे कंपनीने किनेक्ट बनवणंच सोडलं. २०१७ साली तसं जाहीरही झालं. इथे मनगट उडवून फसवता येत नाही. उडी म्हणजे उडीच मारावी लागते. नाचायला आणि घाम गाळायला याच्यासारखा दुसरा नाही. तुमच्या मुलाला तो का हवा, हे उघड आहे.

आता टेप घ्या

कागदावर तिसरा जिंकला असं वाटेल. पण मैत्रिणींनो, कपाट घेताना आपण आधी भिंत मोजतो, तसं इथेही करायचं.

किनेक्टपुढे एकट्याने खेळायचं तर सुमारे सहा फूट दूर उभं राहावं लागतं, दोघांना सुमारे आठ फूट. आजूबाजूला हातपाय पसरायला जागा हवी ती वेगळीच. दहा फुटांच्या खोलीत टीव्हीच्या टेबलाचा दीड फूट आणि दिवाणाचे अडीच-तीन फूट गेले, की उरतात साडेपाच-सहा. म्हणजे रोज संध्याकाळी दिवाण हलवणं आलं! आणि तो कोण हलवणार, हे मी सांगायला नको. ज्यांच्याकडे जुन्या घराची ऐसपैस ओटी आहे आणि टीव्ही तिथेच आहे, त्यांनी मात्र जरूर विचार करावा. फक्त ऊन थेट आत येत असेल तेव्हा खेळू नये. उन्हात ते ठिपके विरून जातात. वीच्या दांडीला तीन ते आठ फूट अंतर पुरतं. मूव्हला सहा-सात फूट मिळाले तर बरं.

दुसरी गोष्ट साडीची! किनेक्टला सैल कपडे अडचणीचे होतात, कारण गुडघा आणि पाऊल कुठे आहे ते त्याला दिसावं लागतं. निऱ्यांच्या घेरात ते कुठून दिसणार? सलवार जरा अंगाबरोबर असेल तर निभावतं. पण ज्या घरात साडी बदलूनच खेळायला यावं लागेल, तिथे आपण खेळणार किती दिवस? दांडीवाल्या दोन्ही खेळांना पदर खोचला की काम भागतं.

तिसरी गोष्ट देवघराची. बाहेरच्या खोलीतच टीव्हीशेजारी देव असतील तर हे लक्षात ठेवा. वीबरोबर टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायची एक पट्टी येते. तिच्यात फक्त न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे असतात. खरा डोळा असतो दांडीच्या टोकाला, तो त्या दिव्यांवरून पडद्यावरचा नेम धरतो. टीव्हीशेजारी समई तेवत असली, तर तिची ज्योतही त्याला दिव्यासारखीच दिसते आणि नेम भरकटतो. दांडी बिघडली म्हणून घाबरू नका. दिवेलागणीनंतर थोडा वेळ जाऊ द्या किंवा पट्टी समईपासून लांब ठेवा.

स्वस्त कुठला?

यजमानांचा प्रश्नही बरोबर आहे. फक्त ठोकळ्याची किंमत बघून भागत नाही.

किनेक्टला दोघांनी खेळायचं तरी जादा काही घ्यावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मूव्हला कॅमेरा हवाच, शिवाय माणशी निदान एक दांडी, काही खेळांत दोन. वीला माणशी एक दांडी लागते. पण बोलिंगसारख्या खेळात एकच दांडी हातोहात फिरवून चौघांना आळीपाळीने खेळता येतं. मात्र वीच्या दांडीला दोन पेन्सिल सेल लागतात. परत भरता येणारे सेल घेतले की महिन्याचा खर्च वाचतो. मूव्हची बॅटरी आतच असते. ती महिनोन्‌महिने पडून राहिली की मान टाकते, म्हणून न खेळलात तरी अधूनमधून चार्ज करावी.

भाऊजींना कळवताना या गोष्टी लिहून द्या :

- आपल्या टीव्हीच्या पाठीमागे लाल, पांढरं, पिवळं अशी तीन भोकं आहेत का ते बघा. वीची वायर तिथे जाते. नव्या टीव्हींना ती बहुधा नसतात. मग मधली जोड वेगळी घ्यावी लागते. बाकीच्या दोघांची वायर नव्या टीव्हीत बसते, पण एक्सबॉक्स अगदी सुरुवातीचा असेल तर त्याची भोकं बघून घ्या.
- विजेच्या ठोकळ्यावर २२० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असावं. अमेरिकेतला ११०-१२० चा ठोकळा इथे लावला तर जळतो.
- वीच्या तबकड्या ज्या प्रदेशाच्या यंत्रासाठी, तिथल्याच चालतात. म्हणून खेळ आणि तबकड्या एकाच ठिकाणाहून घ्या. एक्सबॉक्स ३६० च्याही पुष्कळ तबकड्यांचं तसंच आहे.
- “खेळ नंतर उतरवून घेऊ” असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. वीचं ते दुकान २०१९ च्या जानेवारीत आणि एक्सबॉक्स ३६० चं २०२४ च्या जुलैत बंद झालं. तबकडी हातात हवी.
- एक्सबॉक्स ३६० पहिल्या घडणीचा, जाडजूड असेल, तर किनेक्टचा वेगळा ठोकळा मागून घ्या. आणि २०१३ साली निघालेला नवा किनेक्ट त्याला चालत नाही, हेही सांगा.

नवाच घ्यायचा असेल तर निन्टेन्डोचा स्विच आहे, २०१७ सालचा. त्याची जॉय-कॉन नावाची दोन चिमुकली बटणं दोघांना एकेक वाटून घेता येतात. टीव्हीवर पट्टी नको, कॅमेरा नको. पण त्यावरची काठी न हलवताही सरकत राहते अशी तक्रार जगभर झाली आणि २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरीही व्यक्त केली. जुना घेताना ते आधी तपासा.

आपली खारी हवा

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आपलं सगळं समुद्राकाठचं. इथे विळीला गंज चढतो, तर सेलच्या पत्र्यांचं काय! खेळून झालं आणि चार-आठ दिवस हात लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. पत्र्यावर हिरवट-पांढरं दिसू लागलं की कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात दांड्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात टाका. वीज जाऊन-येऊन करत असेल त्या दिवशी यंत्राची पिन काढलेलीच बरी.

आणि दांडीची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळायचं नाही, हा घरचा नियम करा. वी आला त्याच महिनाभरात दांड्या हातातून सुटून टीव्हीवर आदळू लागल्या. २००६ च्या डिसेंबरात कंपनीला दोऱ्या जाड करून सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या! आपल्याकडे तर वर पंखा, शेजारी काचेचं कपाट, आणि मधूनच रांगत येणारं बाळ.

मग तुम्ही काय मागवाल?

श्रीवर्धनच्या ताई, तुमच्या दहा बाय अकराच्या खोलीसाठी माझं मत वीच्या पांढऱ्या दांडीला. ती तिघांत सगळ्यात हुशार नाही. नेमकेपणात मूव्ह सरस, व्यायामात किनेक्ट. पण नुसत्या मनगटाने भागतं हा जो तिचा दोष म्हणून सांगतात, तोच तुमच्या घरी गुण ठरेल. सासूबाईंना दिवाणावर बसल्या बसल्या, डाव्या हाताने बोलिंग खेळता येईल. किनेक्टचे बहुतेक खेळ उभ्यानेच खेळायचे. तिथे त्या प्रेक्षकच राहिल्या असत्या. परदेशात वृद्धाश्रमांतून याच बोलिंगचे सामने रंगले ते काही उगीच नाही. मात्र आखडलेला खांदा उचलून खेळण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हे निक्षून सांगते. खेळ म्हणजे औषध नव्हे.

मुलगा नाराज होईल. त्याला सांगा, मनगट उडवून जिंकायचं नाही, उभं राहून पूर्ण हात फिरवायचा. हाच घरचा नियम. बघा कसा घाम निघतो!

आणि आता तुमचं. खेळ आला की पहिल्याच दिवशी पाळ्या लावून घ्या. “तुमचं झालं की मी” असं म्हणाल तर तुमची पाळी कधी येणारच नाही. दुधाचं पातेलं, कुकरची शिट्टी, कुणाचा तरी फोन, काहीतरी मध्ये येईलच. म्हणून वेळच ठरवा. संध्याकाळचा अर्धा तास आईचा, आणि त्या अर्ध्या तासात चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा.

फुगडी घालताना आपल्याला कुणी “हे कशासाठी?” असं विचारत नाही, कारण तो सण असतो. सणाशिवायही बाईला खेळावंसं वाटतं, यात लाजण्यासारखं काही नाही. खो-खोच्या संघातली मुलगी अजून कुठे गेलेली नाही. पदर खोचा, दोरी मनगटात अडकवा, आणि पहिला चेंडू तुम्हीच टाका.

किती पिना पडल्या, ते मात्र कळवायचं हं!