एकच परीक्षा, दोन पदव्या

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचे तर आज दोन वाटा आहेत. एक मास्टर्सची, दुसरी ओटीडीची, म्हणजे या विषयातल्या व्यावसायिक डॉक्टरेटची. दोन्ही वाटांवर रुग्णांबरोबर किमान २४ आठवडे पूर्णवेळ काम करावे लागते. ओटीडीच्या विद्यार्थ्याला त्याशिवाय १४ आठवड्यांचा, ५६० तासांचा स्वतंत्र प्रकल्प असतो. त्यानंतर मात्र दोघे एकाच परीक्षेला बसतात. ती घेते एनबीसीओटी ही राष्ट्रीय प्रमाणन संस्था. उत्तीर्ण झाल्यावर दोघांच्या हाती तेच प्रमाणपत्र येते, राज्याचा परवानाही तोच. रुग्णावर अधिकचे काही करण्याची मुभा डॉक्टरेटवाल्याला मिळत नाही.

असे असूनही ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या अधिस्वीकृती परिषदेने, एसीओटीईने, १ जुलै २०२७ पासून या व्यवसायात येण्यासाठी डॉक्टरेटच लागेल असे जाहीर केले. मास्टर्सची सक्ती होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. शेजारच्या फिजिओथेरपीने डॉक्टरेटची पायरी आधीच चढलेली, त्यामुळे आपण मागे पडू ही धास्ती या घाईच्या मुळाशी असावी. व्यवसायातूनच विरोध उठला, निर्णय थांबवावा लागला आणि २०१९ मध्ये थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रतिनिधी सभेने दोन्ही वाटा चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. तो कौल मला पूर्णपणे पटतो. परीक्षा तीच आणि परवाना तोच असेल, तर वाढीव शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याच्या कर्जात जमा होतो. कर्ज डोक्यावर असलेला तरुण खेड्यातल्या शाळेत किंवा लहान दवाखान्यात कमी पगारावर जाणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

हा वाद आपल्यापासून दूर नाही. भारतात या विषयाचे शिक्षण सुरू झाले ते १९५० मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेला त्यांचेच नाव आहे. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. विद्यार्थ्याने किमान एक हजार तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, हा निकष याच महासंघाचा. आता २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आलेला राष्ट्रीय आयोग सगळ्या संलग्न आरोग्य शाखांचे अभ्यासक्रम नव्याने आखतो आहे. पदवी किती उंच हवी हा प्रश्न त्यामुळे आपल्या दारातही आला आहे. नावामागच्या ‘डॉ.’वरून तर आताच पेटले आहे. फिजिओथेरपिस्टांनी ते लावू नये असे पत्र सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि लगोलग मागेही घेतले. या उपाधीच्या भांडणात रुग्ण कुठेच दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रुग्णाच्या बाजूने पाहा. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली एक बाई आहे. तिला भाकरी करायची आहे. थेरपिस्ट ती भाकरी सुटी करून बघतो: परातीत पीठ घेणे, पाणी बेताने ओतणे, मळताना खांद्यातून येणारा जोर, थापताना बोटांचा पसरट दाब, तव्यावर टाकतानाचा तोल, वाफेपासून हात वाचवणे. कुठली हालचाल परत येईल, कुठली डाव्या हाताने करावी लागेल, परात घसरू नये म्हणून खाली काय ठेवायचे, ओटा सोयीचा की खाली बसणे, हे सगळे त्याला ठरवायचे असते. हे शिकायला चांगली पदवी, कडक शिक्षक आणि भरपूर रुग्ण लागतात. डॉक्टरेट लागत नाही.

डॉक्टरेट लागते ती दुसरीकडे. रुग्ण रोजच्या कामांत किती स्वावलंबी आहे हे मोजायला आपल्याकडे सर्रास बार्थेल निर्देशांक वापरतात. तो अमेरिकेत मेरीलँडमध्ये तयार होऊन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा बाबी आणि शंभर गुण आहेत. त्याच्या प्रचलित आवृत्तीत जेवणाची बाब तपासताना विचारतात, अन्न कापायला आणि लोणी लावायला मदत लागते का? भात कालवून हाताने खाणाऱ्याला याचे काय उत्तर द्यावे? पलंगावरून खुर्चीवर जाण्याचे गुण आहेत. जमिनीवर मांडी घालून बसण्याचे, बसल्यावर उठण्याचे, उकिडवे बसून शौच करण्याचे नाहीत. आपल्याकडे घरी गेलेला रुग्ण नेमका तिथेच अडतो. आपल्या घरांना साजेल असे मापन तयार करणे, शेकडो रुग्णांवर ते पारखणे, मराठीत ते विश्वासार्ह आहे हे आकड्यांनी दाखवणे, हे खरे पीएच.डी.चे काम आहे. त्याला पाच-सहा वर्षे गेली तरी ती सार्थकी लागतील. सरसकट वाटलेल्या डॉक्टरेटमधून हे होणार नाही, कारण तिथे उद्देश नोकरीत शिरण्याचा असतो.

पदवीपेक्षा परवान्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांसाठी स्वतंत्र राज्य परिषद आणली. नोंदणीची शिस्त आपल्याला नवी नाही. अमेरिकेकडून घ्यायचेच तर प्रमाणपत्र ताजे ठेवण्याची रीत घ्यावी: तिथे दर तीन वर्षांनी ३६ एककांचे नवे शिक्षण दाखवल्याशिवाय त्याचे नूतनीकरण होत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेला थेरपिस्ट आज काय करतो हे विचारणारी यंत्रणा रुग्णाला जास्त जपते.

राष्ट्रीय आयोगाकडे माझे मागणे असे: प्रवेशाची पातळी बॅचलर पदवीचीच ठेवा, तिच्यातले रुग्णांसोबतचे तास कमी होऊ देऊ नका, आणि बाहेर पडताना देशभर एकच परीक्षा घ्या, जिच्यात प्रत्यक्ष कृतीची तपासणी असेल. पीएच.डी.च्या जागा मोजक्या असू द्या, पण त्यांना पगारी रजा आणि संशोधनाचा निधी जोडा, म्हणजे सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काम केलेली थेरपिस्टही नोकरी न सोडता त्या घेऊ शकेल. आणि त्यातून जी मापने तयार होतील, ती प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला फुकट वापरता आली पाहिजेत.