व्ह्यूज अचानक घटले, झोप उडाली: व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या मनावरचा ताण

ऑगस्ट 2025च्या मध्यापासून जगभरातल्या अनेक यूट्यूबरना एकच गोष्ट जाणवू लागली. संगणकावर पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओंचे व्ह्यूज एकाएकी घसरले होते. गंमत म्हणजे अनेकांचे लाइक्स आणि जाहिरातींचे उत्पन्न त्या प्रमाणात घटले नव्हते. जाहिराती अडवणाऱ्या साधनांमुळे, म्हणजे अ‍ॅड ब्लॉकरमुळे, व्ह्यूजच्या मोजणीवर परिणाम होऊ शकतो, असे पुढे यूट्यूबने सांगितले. याचा अर्थ, काही जणांचे प्रेक्षक गेलेच नव्हते, फक्त मोजले जात नव्हते. तरीही मधले काही आठवडे त्यांनी "लोकांना मी नकोसा झालो" या समजुतीत काढले असणार.

मोजमाप बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती. 31 मार्च 2025पासून शॉर्ट्स सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जाऊ लागला. त्यामुळे अनेकांचे आकडे रातोरात फुगले. उत्पन्नाचा हिशोब मात्र जुन्याच पद्धतीने राहिला. आकडा वाढला म्हणून तुम्ही थोर झाला नव्हतात, तसे तो घटला म्हणून टाकाऊही होत नाही. हे कळते, पण वळत नाही. का, ते समजून घेऊ.

बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसेल तर माणूस ती कृती पुन्हा पुन्हा करत राहतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत हे दाखवले होते. जुगाराच्या यंत्राचे तत्त्व हेच आणि दर दहा मिनिटांनी स्टुडिओ अ‍ॅप उघडण्याचेही हेच. त्यात यूट्यूब नव्या व्हिडिओला मागच्या दहा व्हिडिओंमध्ये क्रमांक देते. "10 पैकी 10" म्हणजे सर्वांत खाली. वास्तविक चॅनेल अगदी स्थिर चालले असले तरी सरासरी दहातला एक व्हिडिओ शेवटी येणारच, तो साधा गणिताचा भाग आहे. पण रात्री एक वाजता, अंधारात, तो आकडा नापासाच्या शिक्क्यासारखा दिसतो.

अर्थात प्रत्येक घसरण खोटी नसते. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कलाकारांचेही खाते, प्रेक्षक आणि उत्पन्न एकदमच गेले. अशा वेळी "सकारात्मक राहा" म्हणणे निरर्थक आहे. नोकरी गेल्यावर जो शोक होतो, तसाच हा शोक आहे आणि घरच्यांनी तो तसाच मानावा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

काही दिवस चिडचिड, उदासी, झोप कमी होणे हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, सोबत भूक, झोप, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावे, प्रत्येक थकवा मनाचाच असतो असे नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण या धावपळीत गोळ्या आणि जेवणाच्या वेळा चुकवतात, तिकडे लक्ष ठेवा.

एक गोष्ट घरच्यांच्या हमखास नजरेतून सुटते. व्ह्यूज घटल्यावर एखादा माणूस दोन-तीन तासच झोपतो, तरी थकत नाही. एकामागून एक व्हिडिओ काढतो, अखंड बोलतो, कर्ज काढून महागडा कॅमेरा आणतो. "मुलगा मेहनतीला लागला" असे आपल्याला वाटते. हा द्विध्रुवीय विकारातला उन्माद असू शकतो. नुसत्या नैराश्याच्या गोळ्या घेतल्यास तो वाढण्याचा धोका असतो, म्हणून ही माहिती मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

घरी काय करता येईल?

आकडे दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी पाहावेत आणि झोपण्यापूर्वी तर नकोच. नोटिफिकेशन बंद ठेवा. एका व्हिडिओवरून निष्कर्ष काढू नका, 28 दिवसांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी करा, कारण परीक्षा, दिवाळी, आयपीएल यांनी प्रेक्षकांच्या सवयी बदलतात. लाइक्स, उत्पन्न आणि व्ह्यूज एकत्र पाहा. तिन्ही घटले असतील तर खर्च आणि हप्त्यांचा हिशोब लगेच मांडा. पैशाची चिंता मनात घोळवण्यापेक्षा कागदावर सोपी जाते.

आईवडिलांनो, "तरी सांगत होतो, नोकरी कर" हे वाक्य सध्या तोंडातच ठेवा. आणि "सगळं संपलं", "माझा काही उपयोग नाही" अशी भाषा कानावर आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा हाताबाहेर ठेवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटला तर थेट जवळच्या रुग्णालयात न्या किंवा 112 लावा.