ही तारीख कशावरून? महाबोधी, कीळडी आणि आपल्या दायमाबादचा धडा

सावेडी (अहिल्यानगर) : २०२५ सालच्या दोन घडामोडी शेजारी ठेवून पाहा. १२ फेब्रुवारीपासून बोधगयेत भिक्खूंनी उपोषण सुरू केले. १९४९ चा बोधगया मंदिर कायदा रद्द करा आणि महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती द्या, ही त्यांची मागणी. महाराष्ट्रातूनही तिला मोठा पाठिंबा मिळाला.

त्याच वर्षी मे महिन्यात तामिळनाडूतील कीळडीच्या उत्खननाचा अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खननप्रमुख के. अमरनाथ रामकृष्ण यांच्याकडे दुरुस्तीसाठी परत पाठवला. ९८२ पानांचा हा अहवाल त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये सादर केला होता. वाद प्रामुख्याने काळाचा होता. त्यांनी सर्वात जुन्या वस्तीची सुरुवात इ.स.पू. आठव्या शतकापर्यंत मागे नेली होती, आणि इतका मागचा काळ धरण्याला सर्वेक्षणाची हरकत होती. रामकृष्ण यांनी निष्कर्ष बदलण्यास नकार दिला. जूनमध्ये त्यांची बदली झाली.

एकीकडे वारसा कोणाचा हा प्रश्न, दुसरीकडे संस्कृती किती जुनी हा प्रश्न. पण दोन्हीकडे शेवटी एकच गोष्ट विचारली जाते : ही तारीख कशावरून? आंबेडकरी चळवळीतील तरुणाला याचे उत्तर देता आले पाहिजे. कारण ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचा खरा दावाही दंतकथेत जमा होतो.

अशोकाची तारीख कशी ठरली?

प्राचीन भारताच्या राजकीय कालगणनेचा सर्वात भक्कम खांब सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख आहे. त्यात अशोकाने आपल्या काळातील पाच ग्रीक राजांची नावे दिली आहेत : अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुंदर. सीरिया, इजिप्त, मॅसिडोनिया, सायरीन इथल्या राजांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांतून स्वतंत्रपणे माहीत आहेत. पाचवा राजा एपिरसचा की कॉरिंथचा, यावर मतभेद आहेत. पण हे पाचही जण एकाच वेळी हयात असण्याचा काळ इ.स.पू. २६० ते २५० च्या आसपासच येतो. अशोक आपल्या लेखांत राज्याभिषेकापासूनची वर्षे मोजतो. दोन्ही जुळवले की राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या आगेमागे ठरतो. चार-दोन वर्षांची चूक राहील, शतकाची नाही.

या साखळीचा एक दुवा महाराष्ट्रात आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. आठवा लेख सांगतो की राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. महाबोधीच्या लढ्यात याहून मोठा पुरावा कोणता? राजाचे स्वतःचे शब्द आहेत, दगडावर आहेत, आणि वर्षासकट आहेत.

पण इथेच आपली एक चूक होते. "आज दिसते ते महाबोधी मंदिर अशोकाने बांधले" असे मजकूर आपण बिनधास्त पुढे पाठवतो. अशोकाचे बांधकाम इ.स.पू. तिसऱ्या शतकातले होते. आजचे उंच विटांचे मंदिर मुख्यतः गुप्तकाळातले, इ.स. पाचव्या-सहाव्या शतकातले आहे आणि त्याची पुढे अनेकदा दुरुस्ती झाली आहे. यामुळे आपला दावा कमकुवत होत नाही. उलट त्या एकाच जागी शतकानुशतके बौद्ध उपासना चालू होती, हे त्यातून दिसते. मात्र चुकीचे वाक्य बोललो की समोरचा तेवढेच पकडतो आणि बाकीचे सगळे खोडून टाकतो.

तथागतांच्या तीन तारखा

शाळेच्या पुस्तकात तथागतांचा काळ इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा असतो. बुद्धजयंतीच्या पत्रिकेवर २०२५ साली बुद्धाब्द २५६९ छापले गेले, म्हणजे महापरिनिर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये धरले. आणि अलीकडचे बरेच अभ्यासक परिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास ठेवतात. लहान मूल विचारते, यातले खरे कोणते?

हिशेब समजून घ्या. श्रीलंकेचे दीपवंस आणि महावंस म्हणतात की परिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा राज्याभिषेक झाला. २६८ मध्ये २१८ मिळवा, ४८६ येतात. ४८३ ही तारीख याच हिशेबाची, राज्याभिषेकाचे वर्ष थोडे पुढे-मागे धरून केलेली. उत्तरेकडील संस्कृत परंपरा हे अंतर १०० वर्षांचे सांगते, त्याने ३६८ च्या आसपास येतो. १९८८ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हाइन्झ बेखर्ट यांच्या पुढाकाराने या एकाच प्रश्नावर परिषद झाली आणि तेव्हापासून जुन्या तारखेवरचा विश्वास ढळला.

२०१३ मध्ये लुंबिनीत मायादेवी मंदिराच्या खाली लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्याचे जाहीर झाले. त्यांचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे जातो, असे उत्खननकर्त्यांनी सांगितले. आपल्याकडे लगेच "बुद्धाची तारीख सिद्ध झाली" असे संदेश फिरले. पण कोळसा स्वतःचे वय सांगतो. तिथे कोणाची उपासना होत होती, हे तो सांगत नाही.

म्हणून बुद्धाब्द सोडायचा का? मुळीच नाही. १९५६ साली जगाने २५०० वी बुद्धजयंती साजरी केली आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बुद्धाब्द हे आपल्या संघाचे आणि उत्सवाचे पंचांग आहे. इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही आपापल्या जागी ठेवले की गोंधळ उरत नाही. ऐकीव गोष्ट तपासून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे अनुयायी आपण. मग तारखेलाच सूट कशी देणार?

आपल्या जिल्ह्यातले दोन पाठ

सावेडीतून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलात की पुढे नेवासा फाटा येतो. नेवाशाला प्रवरेकाठच्या टेकाडावर १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. वरच्या थरांत मध्ययुग, त्याखाली सातवाहनकाळ, त्याखाली ताम्रपाषाणयुगातली मातीची भांडी. नियम साधा आहे : जमीन हलवलेली नसेल तर खालचा थर आधीचा. नाणे ज्या थरात मिळाले, तो थर त्या नाण्याहून जुना असू शकत नाही.

दुसरा पाठ दायमाबादचा, श्रीरामपूर तालुक्यातला. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थाला काशाच्या चार वस्तू मिळाल्या : रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. जगभर गाजलेल्या या वस्तूंच्या काळावर मात्र अभ्यासकांचे मतभेद आहेत. म. के. धवलीकर आणि उत्खननकर्ते एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. कारण एकच : वस्तू उत्खननात, ठरावीक थरात मिळाल्या नव्हत्या. धातूवर कार्बन-१४ पद्धत चालत नाही. ती लाकूड, कोळसा, हाड, धान्य अशा सजीवांच्या अवशेषांवर चालते. थर गेला की तारीख गेली.

दगडातल्या लेण्यांचेही तसेच आहे. तिथे शिलालेख, अक्षरांचे वळण आणि नाणी बोलतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. कोण आधी आणि कोण नंतर, हा क्रम त्या ठशानेच पक्का केला. नहपानाचे नेमके साल कोणते, यावर चर्चा आजही चालू आहे. क्रम ठरणे आणि साल ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आपण काय करायचे?

धम्मलिपी वर्ग आणि लेणी संवर्धनाच्या सहली महाराष्ट्रात वाढल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यात चार पथ्ये पाळू या. शिलालेख वाचता यावा म्हणून त्यावर खडू, पावडर किंवा रंग फासायचा नाही. शेतात, नांगरटीत, पायाच्या खड्ड्यात मूर्ती, वीट, नाणे दिसले तर ते उचलून विहारात आणायचे नाही. जागेवरच फोटो घ्यायचा, खोली आणि ठिकाण लिहून ठेवायचे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आणि सोबत पुरातत्त्व विभागाला लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. चौथे पथ्य मोबाइलचे : तारीख असलेला कोणताही मजकूर पुढे पाठवण्याआधी ती कशावरून, हे विचारायचे. आपल्या बाजूचा मजकूर असेल तर दोनदा विचारायचे.

कीळडीच्या निमित्ताने आपण सरकारला विचारतो की पुराव्यात खोट दाखवल्याशिवाय तारीख कमी कशी करता? हा प्रश्न रास्त आहे. पण पुराव्याशिवाय तारीख वाढवणाऱ्यांना तो विचारण्याचा अधिकार उरत नाही. बोधगयेचा लढा उद्या रस्त्यावरून न्यायालयात आणि समित्यांसमोर जाईल, तेव्हा घोषणांइतकीच कागदांचीही गरज पडेल. अशोकाने आपले काम केले आहे, वर्ष कोरून ठेवले आहे. ते नीट वाचून नीट मांडणे हे आता आपल्याकडे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.