ऑनलाइन क्लासमध्ये भाषा समजते, मग बोलता का येत नाही?

“आवाज येतोय का?”, “म्यूट काढा!” २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही वाक्यं घरोघरी पोहोचली. शाळा पुन्हा भरल्या, पण भाषेचे अनेक क्लास ऑनलाइनच राहिले. लातूरचा विद्यार्थी पुण्यातल्या शिक्षकांकडून जर्मन शिकतो. अमेरिकेत वाढणारी मुलं वीकेंडला स्क्रीनवर मराठी शिकतात. तक्रार मात्र एकच: व्याकरण कळतं, तोंड उघडत नाही.

अडतं कुठे?

समोरासमोरच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० भाषांच्या अभ्यासात दिसलं. नेटवर्क कमकुवत असेल तर आवाज पोहोचायलाच त्याहून जास्त वेळ जातो. मग दोघं एकदम बोलतात आणि दोघंही थांबतात. लाजरा विद्यार्थी पुन्हा माइक सुरूच करत नाही.

वर्गात “माझ्यामागून म्हणा” म्हटलं की सगळे एकत्र बोलतात. चुकणाऱ्याला त्या गलक्यात आडोसा मिळतो. ऑनलाइन आवाज मागेपुढे पोहोचतात, म्हणून सगळे म्यूट. आता चूक झाली तर ती एकट्याची आणि सर्वांसमोर.

वेळेचं गणितही बघा. ४० मिनिटांचा तास, ३० विद्यार्थी. शिक्षक निम्मा वेळ बोलले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात फक्त ४० सेकंद!

मग करायचं काय?

व्याकरणाचा छोटा व्हिडिओ आधीच पाठवायचा आणि तास बोलण्यासाठी ठेवायचा.

ब्रेकआउट रूममध्ये जोड्या करायच्या. एकाकडे ट्रेनचं वेळापत्रक, दुसऱ्याकडे प्रवासाचा बेत. विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. १० मिनिटांत प्रत्येकाला जवळपास ५ मिनिटं बोलायला मिळतं.

उच्चारांसाठी व्हॉइस नोट. तिला डेटा कमी लागतो आणि पाठवण्याआधी पुन्हा रेकॉर्ड करता येते. ‘बाळ’चा ‘बाल’ झाला, तर शिक्षक फक्त त्या मुलालाच सांगू शकतात.

पण हा वेळ कोणाचा?

एकेक मिनिटाच्या ३० व्हॉइस नोट म्हणजे नुसतं ऐकायलाच अर्धा तास. हे काम तास संपल्यावर होतं, त्यामुळे ते सहसा मानधनात धरलं जात नाही. दर आठवड्याला १० जणांच्याच नोट तपासणं हा मधला मार्ग आहे. मात्र हा वेळ संस्थेने कामात मोजला नाही, तर शिक्षक पुन्हा सगळ्यांना म्यूट करून व्याकरण शिकवू लागतील. आणि विद्यार्थी ऐकत राहतील.