भत्ता घेतो म्हणजे भीक मागतो का?

मंडळी, गेले काही दिवस आपल्या गोतावळ्यात एकच विषय चघळला जातोय. "इंग्लंडातला भाचा सरकारी भत्ताही घेतो आणि डब्यांचा धंदाही करतो. दोन्हीकडून चंगळ आहे!" बोलणाऱ्यांत माझी सख्खी भावंडं आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते. राग आला तर येऊ द्या.

आधी वस्तुस्थिती. भाचा तिथला रीतसर नागरिक आहे. 19 वर्षं एका कंपनीत नोकरी केली, मग कंपनीने नोकरकपातीत घरी बसवलं. तिथे नोकरदाराच्या पगारातून दर वेळी नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी कापतात. त्या वर्गणीच्या जोरावर नोकरी गेलेल्याला जॉबसीकर्स अलाउन्स मिळतो, तोही जास्तीत जास्त 182 दिवस. त्या काळात आठवड्याला 16 तासांच्या आत स्वतःचं काम करायची मुभा असते, फक्त ते कळवावं लागतं. आता सांगा, यात फुकटेपणा कुठे आला?

पुढचा भत्ता युनिव्हर्सल क्रेडिट. हा वर्गणीचा नव्हे, सर्वांच्या करातून येणारा. हे मी लपवत नाही. म्हणूनच तो गरज पाहून देतात. शिल्लक 16,000 पौंडांच्या वर असेल तर मिळत नाही. धंद्याचा जमाखर्च दर महिन्याला कळवायचा, आणि साधारणपणे मिळकतीच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स भत्त्यातून कमी होतात. मग चंगळ कसली?

आपल्यातले एक भावजी पेन्शन घेऊन शिकवण्या करतात. त्यांना आपण 'या वयातही कर्तबगार' म्हणतो. (भावजी, पेन्शन हक्काची आहे हे मान्य. पण शिकवणीच्या फीमुळे तिच्यातला एक रुपयाही कमी होत नाही, हेही मान्य करा!) भाच्याने पहाटे उठून पोळ्या लाटल्या, पैन् पैचा हिशेब सरकारला दिला, तर तो मात्र फुकट्या?

मिळकत लपवून भत्ता घेणारेही असतात. ती चोरीच, आणि तिथे ती गुन्हा आहे. पण कळवणारा आणि लपवणारा यांना एकाच मापाने मोजलंत, तर प्रामाणिक राहण्यात अर्थ काय उरला?

खरा वाद घालायचाच असेल तर तिथल्या एका नियमाशी घाला. नव्या धंद्याला सहसा 12 महिने सवलत असते. नंतर, सर्वसाधारणपणे आठवड्याला 35 तास किमान वेतनाने काम केल्याइतकी मिळकत झालीच, असं धरून भत्ता ठरवतात. तेवढी झाली नसली तरी! दिवाळीच्या महिन्यात फराळ दणकून खपला तर खरी मिळकत धरायची, आणि जानेवारीत कोणी विचारलं नाही तर न झालेली मिळकत धरायची. ही कुठली रीत? बाजूने बोलणारे म्हणतात, नाहीतर बुडीत धंदे सरकारने जन्मभर पोसायचे का? नका पोसू. वह्या तपासा, मुदत घाला, धंदा चालणार नाही असं दिसलं तर दुसरं काम शोधायला लावा. पण हातात न आलेला पैसा हातात आला असं लिहू नका. गणिताच्या पेपरात असं उत्तर आलं असतं तर मी शून्य दिलं असतं. करोनाच्या वेळी, मार्च 2020 मध्ये, सरकारने हाच नियम स्थगित केला आणि ऑगस्ट 2021 पासून पुन्हा आणायला सुरुवात केली. म्हणजे दोष नसताना धंदा बसू शकतो हे त्यांनाही पटलं होतं. मग एकट्यादुकट्याचा बसला की ते का पटू नये?

आधार नसला की काय होतं ते आपण पाहिलंय. 1982 च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे कित्येकांची नोकरी कायमची गेली. कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी गाव गाठलं. त्यांच्या कष्टांचं कौतुक आपण आजही करतो, पण धंद्याचा जम बसेपर्यंत त्यांना महिन्याला चार पैसे मिळाले असते, तर किती पोरांच्या शाळा सुटल्या नसत्या!

तेव्हा भाच्याला फोन कराल तेव्हा भत्ता किती मिळतो ते विचारू नका. डबे किती जातात ते विचारा. आणि जमलं तर तिथल्या ओळखीच्या चार घरांना त्याचा नंबर द्या.