अब्बांची बंदूक ठेवावी की विकावी?

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात, अम्मीच्या शाली असायच्या त्या कप्प्याशेजारी, अब्बांची बंदूक उभी आहे. एकनळी, बारा बोअरची. परवाना शेतीच्या राखणीसाठी घेतलेला. अब्बा आता 76 वर्षांचे आहेत. नूतनीकरणाची तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बेटा, भाई काही कुवेतहून परत येत नाही. परवाना तूच तुझ्या नावावर करून घेतेस का?"

2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. अडचण माझी होती. मला ती बंदूक नको होती, आणि हे अब्बांना सांगायला मला चार महिने लागले.

बंदूक घरात आली ती मिरवायला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली डोंगरउताराची आमची जमीन. भात, नाचणी, वर थोडा काजू. पीक तयार झालं की रात्री रानडुकरं यायची आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत उकरून जायची. अब्बा माळ्यावर बसायचे आणि हवेत एक बार काढायचे. मारण्याचा प्रश्न नव्हता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा गुन्हाच आहे. शेजारचे काका थट्टेनं म्हणायचे, "तुमची बंदूक सगळ्यात विश्वासाची. तिला डुकराच्या मटणाचा मोह नाही!" अब्बा हसायचे. त्या एका आवाजावर आमच्याबरोबर काकांचं शेतही राखलं जायचं. ही त्या बंदुकीची खरी इज्जत होती, आणि ती मी मान्य करते.

पण ते दिवस गेले. जमीन पडीक आहे, बाग कराराने दिली आहे. ज्यांनी घेतली त्यांनी सौर कुंपण घातलंय. शेवटचा बार कधी काढला, हे अब्बांना आठवत नाही. आता बंदूक कपाटाबाहेर येते ती दोनदाच: तेल लावायला आणि निवडणुकीला. 2024 मध्ये आधी लोकसभा, मग विधानसभा. दोन्ही वेळा नोटीस आली, दोन्ही वेळा अब्बा कापडात गुंडाळलेली बंदूक घेऊन रिक्षाने ठाण्यात गेले, पावती घेतली, आणि निकालानंतर परत आणायला गेले. एका वर्षात चार खेपा, आणि वापर शून्य.

मी विकायचं म्हटलं तेव्हा नातेवाइकांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, खानदानाची निशाणी आहे. दुसरी गोष्ट चाचांनी आवाज खाली करून सांगितली: "जमाना बघतेस ना? वेळ सांगून येत नाही. आपल्या घरात एक तरी असावी."

या दुसऱ्या गोष्टीला मी हसणार नाही. ती भीती माझ्याही घरात आहे. म्हणूनच तिचा नीट विचार केला पाहिजे. खरंच वाईट वेळ आली, तर एका वेळी एकच काडतूस घेणारी नळी, ती धरणारे थरथरते हात आणि समोर जमाव. काय थांबेल? आणि त्या गोंधळात एक बार निघाला, तर दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात पहिलं नाव कोणाचं असेल? परवान्यामुळे बंदुकीचा नंबर आणि आपला पत्ता ठाण्यात आधीच लिहिलेला आहे. जिच्यामुळे आपण जास्त अडचणीत येऊ, तिला संरक्षण कसं म्हणायचं? 2021 च्या जुलैत खेड-चिपळूणमध्ये पुराचं पाणी शिरलं, तेव्हा माणसं माणसांमुळे वाचली. भीतीवरचा इलाज मला तिथेच शोधावासा वाटतो: शेजाऱ्यांकडे जाणं-येणं, मोहल्ल्यात एखादा वकील ओळखीचा असणं, वेळेवर तक्रार लिहिता येणं.

पण माझा निर्णय या वादातून झाला नाही. तो दहावीच्या निकालाच्या दिवशी झाला. माझ्या मुलाला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण मिळाले. तो जेवला नाही, बोलला नाही, दार लोटून झोपला. रात्री दीड वाजता मी कपाटासमोर उभी होते, चावी जागेवर आहे का ते बघत. चावी कुठल्या डब्यात असते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी चावी उशीखाली घेतली आणि फजरपर्यंत जागी राहिले.

मुलाला काही झालं नाही. सकाळी त्यानं चहा मागितला. पण मी शिक्षिका आहे. या वयाच्या मुलांची निराशा किती खोल असते आणि बहुतेक वेळा किती थोडा वेळ टिकते, हे मी वर्गात पाहिलंय. तो थोडा वेळ निघून जावा लागतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार काही अवलंबून असतं. "वापरतच नाही, मग पडून राहिली तर काय बिघडलं?" या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं.

हेच मी शेवटी अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तू त्याच दिवशी सांगायला हवं होतंस."

विकणं एका दिवसाचं काम नाही. घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. पैसे फार येणार नाहीत. तोवर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येते. आम्ही तेच करतोय.

ज्यांचं शेत अजून उभं आहे आणि जे रात्री राखणीला जातात, त्यांना मी विका म्हणणार नाही. त्यांनी कुलूप-चावी नीट सांभाळावी, काडतुसं वेगळी ठेवावीत. बाकीच्यांनी स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: ही शेवटची कधी लागली, आणि आज या घरात कोण कोण राहतं?

काडतुसांचा रिकामा चामडी पट्टा अब्बांनी ठेवून घेतलाय. निशाणी म्हणून तेवढा पुरे, असं त्यांचंच म्हणणं आहे.