आकाशाचे नियम आणि आपलं पाठांतर

मुलगी पायलट होणार म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘भीती नाही का वाटत?’ दुसरा खर्चाचा. अभ्यास काय असतो, हे कुणी विचारत नाही. माझी पुतणी सध्या अमेरिकेत टेक्सासमध्ये शिकतेय, घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर. तिची चेकराइड, म्हणजे परवान्याची शेवटची परीक्षा जवळ आलीय आणि फोनवर तिला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या काकूला एवढंच जमतं! पण ऐकता ऐकता माझं एक मत पक्कं झालंय. पाठांतरावर निभावेल अशी ही परीक्षाच नाही आणि आपण मुलींना शिकवतो ते मात्र पाठांतरच.

आधी तोंडी परीक्षा. त्यात पास झालं तरच विमानातली.

तिथं आकाश ए, बी, सी, डी, ई आणि जी अशा वर्गांत वाटलेलं आहे. एफ अमेरिकेत वापरत नाहीत. डॅलससारख्या गजबजलेल्या विमानतळाभोवती बी. त्याचा आकार उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखा, खाली घेर लहान आणि वर मोठा. मोठी विमानं लांबूनच हळूहळू खाली येतात, म्हणून वरचा घेर मोठा. खालची मोकळी जागा छोट्या विमानांना मिळते.

रेडिओचा नियम तर मला फारच आवडला. सी किंवा डीमध्ये शिरण्याआधी कंट्रोलरशी बोलणं व्हावं लागतं. त्यानं तुमच्या विमानाचा नंबर घेऊन नुसतं ‘स्टँडबाय’ म्हटलं, तरी बोलणं झालं असं धरतात. नंबर न घेता म्हटलं, तर नाही. लग्नाला नाव घेऊन बोलावणं आणि ‘सगळ्यांनी या हं’ म्हणणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागतो का? बीमध्ये मात्र नंबर घेतला तरी भागत नाही. ‘क्लिअर्ड’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय आत जायचं नाही.

मग ढगांचे आकडे. सी, डी आणि ईमध्ये ढगाच्या 500 फूट खाली, 1,000 फूट वर, 2,000 फूट बाजूला राहायचं आणि 3 मैलांपर्यंतचं दिसलं पाहिजे. ईमध्ये 10 हजार फुटांच्या वर गेलं, की ढगाच्या खाली-वर 1,000 फूट, बाजूला 1 मैल आणि दिसायला हवं 5 मैल. पुतणीनं धडाधड म्हणून दाखवलं. मी सहज विचारलं, ‘वर गेल्यावर आकडे का गं वाढतात?’ बाईसाहेब गप्प. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारून आली. 10 हजार फुटांखाली वेगाला 250 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटरची मर्यादा आहे. वर ती नाही. समोरचा भरधाव येणार, तर तो लवकर दिसायला नको? तेव्हापासून तिचे आकडे चुकलेले नाहीत.

हे नियम कुणी हौसेनं केलेले नाहीत. 30 जून 1956 रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली, 128 माणसं गेली. एकमेकांना बघून टाळण्याच्या भरवशावर ती उडत होती. त्यानंतर 1958 मध्ये तिथं नवा कायदा झाला.

भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. पण गावातल्या शिकवणीत काय चालतं? ‘का’ विचारणारा मुलगा चौकस आणि मुलगी आगाऊ! ‘परीक्षेला येणार नाही, खाली बस.’ अशी दहा वर्षं खाली बसलेली मुलगी परीक्षकासमोर अचानक कशी बोलणार? नापास झाली तर पुन्हा तयारी, पुन्हा फी. तीही डॉलरमध्ये.

कमर्शियल परवाना घेऊन परत आल्यावर तिला इथली ‘एअर रेग्युलेशन्स’ची परीक्षा द्यायची आहे, पास व्हायला 70 टक्के लागतात. उत्तरांसकट प्रश्नसंच बाजारात मिळतात. ते जरूर घ्या. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला आधी कागदावर आकाश काढायला सांगा. विमानतळ कुठे, ढग कुठे, तू कुठे आणि इथून पुढं का जायचं नाही? उत्तर आपल्याला ठाऊक नसलं तरी चालतं. ती कुठे अडखळली, ते आईला बरोबर कळतं.